घड्याळ आणि पाणी: आर्चेस नॅशनल पार्कला पहिल्यांदा जाताना

पहिल्या खेपेला आम्ही अमेरिकेतल्या आर्चेसला गेलो तेव्हा जुलै महिना होता, दुपारचा दीड वाजला होता आणि तिघांत मिळून अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या होत्या. डेलिकेट आर्च या इथल्या प्रसिद्ध कमानीची वाट जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर, त्यात काय एवढं, म्हणून निघालो. उघड्या खडकाचा चढ अर्धा होईतो तिसरी बाटली संपली. लेकीचा चेहरा लालबुंद, आणि तिचं बोलणं बंद झालेलं, जे एरवी कशानेच होत नाही. मुकाट्याने मागे फिरलो. कमान दिसलीच नाही. चूक सर्वस्वी आमचीच होती. पायथ्याशी पाण्याबद्दलची पाटी ढळढळीत लावलेली आहे, आम्ही तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला होता.

दुसऱ्यांदा गेलो ते ऑक्टोबरात, भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन. तेव्हा जमलं, कारण या वेळी अंतरं बघून बेत आखला नाही, घड्याळ बघून आखला. या पार्कात अंतरं फसवी आहेत. इथे खरं काम ऊन, सावली आणि पाणी यांचं चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी थोडं समजून घ्या

आर्चेस अमेरिकेच्या युटा राज्यात, मोॲब गावाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर आहे. १९२९ साली राष्ट्रीय स्मारक झालं, १९७१ मध्ये नॅशनल पार्क. आत दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी आहेत. भोक कोणत्याही एका दिशेने किमान तीन फूट असेल तरच ती कमान म्हणून मोजतात, त्यामुळे आकडा ऐकून दचकू नका. नाव घ्यावं अशा मोठ्या आणि वाटेवरच्या कमानी दोन दिवसांत आरामात बघून होतात.

या कमानी वाऱ्याने कोरल्या असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं काम मिठाने आणि पाण्याने केलंय. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाचा जाड थर राहिला. त्यावर वाळूचे थर चढले, त्यांचा दगड झाला. वरच्या ओझ्याखाली मीठ दबून सरकायला लागलं, काही ठिकाणी फुगून वर आलं, आणि वरचा दगड समांतर भेगांनी चिरला गेला. भेगा रुंदावल्या तशा उरल्या उभ्या, पातळ भिंती. त्यांना इथे फिन म्हणतात. पावसाचं पाणी वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, थंडीत भेगांत गोठून दगड फोडतं. भिंतीला खालून भोक पडतं, वाढत जातं, आणि झाली कमान. एवढं डोक्यात असलं की पार्क बघायची नजर बदलते. नुसती भिंत दिसली तरी आपण म्हणतो, ही अजून कमान व्हायची आहे.

आणि कमानी पडतातही. डेव्हिल्स गार्डनच्या वाटेवरची वॉल आर्च ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली. जुन्या नकाशात ती सापडेल, जागेवर नाही.

२. महिना निवडा

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. दिवसा साधारण १५ ते २७ अंश सेल्सियस असतं, गर्दी मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त. उन्हाळ्यात पारा सहज ३८च्या वर जातो, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारी अचानक वादळी पाऊस येतो. कोरड्या ओढ्यात तेव्हा बघता बघता लोंढा येतो, आणि उघड्या खडकावर उभे असाल तर विजेची भीती वेगळीच. हिवाळ्यात लाल दगडावर बर्फ सुरेख दिसतं आणि माणसंही कमी, पण उतरता खडक बर्फाने काचेसारखा होतो. बुटांना लावायचे खिळे असतील तरच जा.

मुलांच्या शाळेमुळे उन्हाळाच हाती असेल तर सकाळी दहाच्या आत चालणं संपवायचं, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं. मधली दुपार गावात काढा. त्यात कमीपणा नाही.

३. प्रवेश, तिकीट आणि पास

इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात.

वेळेचं आरक्षण: २०२२ ते २०२५ या वर्षांत गर्दीच्या महिन्यांत दिवसाच्या ठरावीक तासांत आत शिरायला आधी वेळ आरक्षित करावी लागत होती. त्या तारखा दर वर्षी थोड्या बदलल्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. तिकिटं काढायच्या आधी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम वाचा. आरक्षण लागत असेल तर ते प्रवेशशुल्कापेक्षा वेगळं असतं. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही.

प्रवेशशुल्क: गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतं. गाडीत दोघं असोत की सहा, तेवढेच. पावती फेकू नका, दुसऱ्या दिवशी तीच दाखवायची असते.

वार्षिक पास (अमेरिकेतल्या सगळ्या नॅशनल पार्कांत चालणारा): १ जानेवारी २०२६ पासून दोन दर आहेत, अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि परदेशी पाहुण्यांना २५०. त्याच दिवसापासून ११ मोठ्या पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. आर्चेस त्या यादीत नाही, पण याच राज्यातले झायन आणि ब्राइस कॅनियन आहेत. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन तिन्ही करणार असाल तर घरूनच हिशेब मांडा, गेटवर मागच्या गाड्या वाजायला लागल्या की बेरीज सुचत नाही.

ज्येष्ठांचा पास: आमच्या बाबांनी खिडकीतून वाकून सर्वांत आधी हेच विचारलं, सीनिअर सिटिझनला कन्सेशन आहे का? आहे, ६२ वर्षं आणि त्यावरच्यांना, पण फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना नाही. बाबांना ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

बरोबर ठेवायची कागदपत्रं: वाहनपरवाना, पाहुण्यांचे पासपोर्ट, पास असेल तर पास आणि त्यावर नाव असलेल्या माणसाचं फोटो ओळखपत्र, आरक्षणाचा फोनमध्ये काढून ठेवलेला फोटो (गेटजवळ नेटवर्कच्या भरवशावर राहू नका), आणि पैसे द्यायला कार्ड.

४. पोचणं आणि मुक्काम

सॉल्ट लेक सिटीहून गाडीने चार तास, ग्रँड जंक्शनहून दोनपेक्षा थोडे कमी, डेन्व्हरहून साडेपाच ते सहा. लास व्हेगासहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, युटात घड्याळ एक तास पुढे आहे. प्रवासाचे सात तास आणि वर हा हरवलेला एक. सूर्यास्त गाठायचा बेत करून निघालेली माणसं इथेच चुकतात.

पार्कात खायला काही मिळत नाही, पेट्रोलही नाही. टाकी आणि डबा दोन्ही मोॲबमध्ये भरून घ्या. आत राहायला फक्त डेव्हिल्स गार्डनचं तंबूचं मैदान, ५१ जागांचं, आणि गर्दीच्या महिन्यांत ते महिनोन्‌महिने आधी भरतं. बाकी सगळे मोॲबमध्येच उतरतात. वसंतात आणि शरदात तिथले दर ऐकून डोळे पांढरे होतात, म्हणून राहायची जागा आधी आणि विमानाचं तिकीट नंतर, असा उलटा क्रम ठेवा.

५. पाणी

माणशी दिवसाला चार लिटर. हो, लहान मुलालाही साधारण तेवढंच धरा, उरलं तर उरलं. वाळवंटाची हवा इतकी कोरडी की घाम अंगावर राहतच नाही, आल्या आल्या उडून जातो. आपल्याला वाटतं घामच आला नाही, म्हणजे तहान लागायचं कारण नाही. जुलैत आम्ही याच समजुतीत होतो. नंतर लेकीच्या काळ्या टी-शर्टवर पाठीला पांढऱ्या रेघा दिसल्या, मिठाच्या. तेवढा घाम गेला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पाणी भरायच्या जागा मोजक्याच: व्हिजिटर सेंटर, डेव्हिल्स गार्डनच्या वाटेची सुरुवात आणि तिथलं तंबूचं मैदान. बस्स. डेलिकेट आर्चची वाट जिथून निघते त्या वुल्फ रँचला नळ नाही, आणि सापळा नेमका हाच, कारण सगळ्यांत दमवणारी लोकप्रिय वाट तीच. विंडोज भागातही पाणी नाही. व्हिजिटर सेंटरला सगळ्या बाटल्या काठोकाठ भरल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही, असा घरात नियमच करा.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. बरोबर खारट काहीतरी हवं. आम्ही ओआरएसची पाकिटं आणि खारे शेंगदाणे नेले होते. आईने न विचारता लिंबाचं गोड लोणचंही आणलं होतं. मी आधी हसले, मग दोन फोडी मीच खाल्ल्या.

६. दिवस उन्हाच्या दिशेने लावा

आतला मुख्य रस्ता एकच, गेटपासून डेव्हिल्स गार्डनपर्यंत २९ किलोमीटर. नवखी माणसं पहिल्या वळणापासून थांबत थांबत जातात आणि शेवटी पोचतात तेव्हा पार्किंग तुडुंब असतं. उलटं करा.

पहाटे थेट शेवटपर्यंत जा. लँडस्केप आर्चवर सकाळचं ऊन पडतं, दुपारनंतर ती सावलीत जाते. वाट जाऊन-येऊन तीन किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट. कमानीचा विस्तार ३०६ फूट, म्हणजे ९३ मीटर, उत्तर अमेरिकेतली सर्वांत लांब. आणि मधे इतकी बारीक की बघतानाच आपण श्वास धरतो. १ सप्टेंबर १९९१ला तिच्या खालच्या बाजूने ६० फूट लांबीची शिळा निखळून पडली. खाली बसलेली माणसं तडतड आवाज ऐकून पळाली म्हणून वाचली. तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे. कुंपण ओलांडून फोटो काढणारा एखादा दिसतोच. त्याच्या मागे जाऊ नका. त्यापुढची वाट उंच भिंतींच्या माथ्यावरून जाते, दोन्ही बाजूंना खोल. उंचीची भीती असेल तर लँडस्केप आर्चपाशी परत फिरा.

परतताना सँड ड्यून आर्च. दोन भिंतींच्या फटीतून आत शिरलं की गार, मऊ वाळू आणि सावली. मुलांना इथे अर्धा तास सोडून द्या. दुपारी बारालाही वाळू पायाला थंड लागते, या पार्कातली ही एवढीच चैन.

मग विंडोज भाग आणि डबल आर्च. एकाच बुंध्यातून निघालेल्या दोन प्रचंड कमानी, मोठी ११२ फूट उंच. खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. गाडीपासून दहा मिनिटांची चाल. जाता जाता बॅलन्स्ड रॉक रस्त्यावरूनच दिसतो. पूर्ण उंची १२८ फूट, वरचा धोंडा एकटाच ५५ फुटांचा. तो एक दिवस पडणार हे नक्की, कारण खालचा दगड वरच्यापेक्षा मऊ आहे आणि झिजतो आहे.

दुपारी गावात परत. जेवण, झोप, बाटल्या पुन्हा भरणं.

७. डेलिकेट आर्च

युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर दिसते तीच कमान. भोकाची उंची ४६ फूट. इथे संध्याकाळी जायचं, सूर्यास्ताच्या अडीच तास आधी वुल्फ रँचला गाडी लावून. पार्किंगला वेळ लागतो, त्याचा हिशेब यात धरलाय.

वाट एकूण ४.८ किलोमीटर, चढ १४६ मीटर. आकडा छोटा आहे, पण सावली कुठेच नाही. सुरुवातीला लाकडी ओंडक्यांची छोटीशी खोली दिसते. १८९८च्या सुमारास इथे जॉन वेस्ली वुल्फ नावाचा माणूस येऊन राहिला होता, गुरं पाळून. पूल ओलांडला की डावीकडे छोटी आडवाट आहे. तिथे दगडावर उट या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी कोरलेले घोडेस्वार आणि रानमेंढ्या आहेत. घोडे आहेत म्हणजे स्पॅनिश लोक आल्यानंतरचे, हे बाबांनी पाटी वाचायच्या आधीच ओळखलं आणि पुढचा अर्धा किलोमीटर त्याच खुशीत चढले.

मग सरळ वर जाणारा उघडा खडक. याला स्लिकरॉक म्हणतात, म्हणजे निसरडा, पण कोरडा असताना बूट झकास धरतो. इथे पायवाट अशी दिसत नाही. लगोरीसारखे एकावर एक रचलेले दगड दिसतील, ती वाटेची खूण. एका लगोरीपाशी उभं राहून पुढची शोधायची, मगच पाय उचलायचा. आणि मुलांना स्वतःच्या लगोऱ्या रचू देऊ नका. मागून येणारा त्यांच्या नादाने भलतीकडे जातो.

शेवटच्या दोनशे मीटरला कड्याच्या पोटातून काढलेला पट्टा लागतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल, कठडा नाही. दोन माणसं ओलांडतील एवढी रुंदी आहे, पण आईने माझा हात धरला तो सोडला नाही आणि पूर्ण वेळ भिंतीशीच बोलत राहिली. हा पट्टा संपेपर्यंत कमान अजिबात दिसत नाही. वळण संपतं आणि एकदम समोर. मागे ला साल डोंगर, खाली दगडाची मोठी परात, तिच्या काठावर कमान एकटी. आई म्हणाली, "अगं, हिला कोणी धरलंय?"

वर पन्नास-शंभर माणसं असतात. फोटोसाठी कमानीखाली जायची एक अलिखित रांग असते. आपली पाळी झाली की पटकन बाजूला व्हा, खाली बसून डबा उघडू नका. आपल्याच देशातल्या एका मोठ्या घोळक्याने आळीपाळीने अकरा फोटो काढले, तोवर ऊन गेलं. पलीकडचे लोक काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. मला मान खाली घालावीशी वाटली.

सूर्य टेकला की निम्मी गर्दी लगेच निघते. थांबा. पुढची दहा मिनिटं दगड आतून पेटल्यासारखा होतो. उतरताना अंधार होणारच, म्हणून डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाला वेगळा हवा. फोनच्या उजेडात लगोऱ्या दिसत नाहीत, आणि एक हात फोनला अडकला की घसरल्यावर सावरायला हात उरत नाही.

८. गुडघे दुखणारे बरोबर असतील तर

वर जायचा हट्ट नको. वुल्फ रँचच्या पुढे गाडीने गेलं की डेलिकेट आर्चचा खालचा व्ह्यूपॉइंट आहे, शंभर पावलांची सपाट वाट. कमान लांब दिसते, दुर्बीण न्या. बॅलन्स्ड रॉक, डबल आर्च आणि पार्क ॲव्हेन्यूचा व्ह्यूपॉइंट हेही सोपे. त्या बाजूला थ्री गॉसिप्स नावाचे तीन सुळके आहेत, डोकी जुळवून कुजबुजणाऱ्या तीन बायका. आईला सगळ्यांत जास्त आवडलं ते हेच. कुणाबद्दल बोलताहेत हेही तिने ठरवून टाकलं.

फियरी फर्नेस नावाचा भूलभुलैया मात्र या यादीत नाही. तिथे परवाना काढून किंवा रेंजरच्या सोबतीनेच जाता येतं, आणि फटींतून हातापायांवर सरकावं लागतं.

९. पाय कुठे ठेवायचा

वाटेच्या कडेला काळपट, फुगीर, खडबडीत माती दिसेल. दुधाच्या पातेल्याच्या तळाला खरवड धरते तशी. ती जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळं, दगडफूल यांनी मिळून वाळू धरून ठेवलेली असते, म्हणून तिथे झाडं उगवतात. एका बुटाचा ठसा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. फोटोसाठी चार पावलं आत जायचा मोह नेमका इथेच होतो. पायवाट, खडक किंवा ओढ्याची कोरडी वाळू, या तिन्हींवरच चाला.

कमानींवर चढायला बंदी आहे, ड्रोनलाही. दगडावर नाव कोरणं गुन्हा आहे आणि दंड डॉलरमध्ये असतो. कुत्रा असेल तर तो कोणत्याच वाटेवर नेता येत नाही.

१०. पिशवीत काय

प्रत्येकाची पाण्याची वेगळी पिशवी किंवा बाटल्या, काठ असलेली टोपी (पुढेच छज्जा असलेली नव्हे, मान भाजते), तळव्याला पकड असलेले बूट, वाऱ्यासाठी एक जाकीट. ऑक्टोबरात दुपारी अर्ध्या बाह्या आणि सूर्यास्तानंतर कुडकुडणं एकाच दिवसात होतं. डोक्याचा टॉर्च, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, खारट खाऊ, कचऱ्याला पिशवी, फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेला नकाशा. आत नेटवर्क असलं तर असलं. संडास मुख्य वाटांच्या सुरुवातीला आहेत पण पाण्याविना, खड्ड्यावरचे. कागद आणि हात धुवायचं जेल स्वतःचं ठेवा. साडी नेसून डेलिकेट आर्च चढता येते का, असं मला दोघींनी विचारलंय. येते, एका काकूंना चढताना पाहिलंय, पण त्यांच्या पायात चांगले बूट होते.

वेळ उरलाच तर अंधार पडल्यावर गाडी पॅनोरमा पॉइंटला थांबवा. २०१९ पासून आर्चेसला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या पार्कचा दर्जा आहे, आणि अमावास्येच्या आसपास आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. गाडीचे आतले दिवे आधी बंद करायला विसरू नका. आमच्या गाडीचा दरवाजा उघडला की तो दिवा आपोआप लागायचा, आणि शेजारच्या अंधारातून कुणीतरी दर वेळी खाकरायचं.